तुपातले मटार, पाण्यातले मटार

१० जानेवारी, मंगळवार

आहाराच्या वर्गाला सत्तावीस बायका आल्या! मी दहा धरल्या होत्या. संस्थेच्या ताई तर म्हणाल्या होत्या, पाच आल्या तरी खूप समज, थंडीत बाया शेकोटी सोडून उठत नाहीत. पंचायतीच्या खोलीत मावेनात, म्हणून अंगणात तरट टाकलं.

तक्ता भिंतीला टेकवून उभा केला. मीच काढलाय — एक मोठी शेंग, आत सात दाणे, दाण्यादाण्यात एकेक गुण लिहिलेला. प्रथिनं, लोह, पोटुशी बाईला लागतं ते फोलेट, पोट साफ ठेवणारा चोथा, असं करत सहा झाले. सातव्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'चव' लिहिलं. यादवांची चमेली म्हणाली, "मास्तरीणबाई, हा सातवा तेवढा आम्हाला आधीच ठाऊक होता हं." सगळ्या हसल्या. मीही.

मग एक म्हातारी म्हणाली, "मटार काय, गाडी भरभरून जातात. घरात राहतात ते किडके. ते खायचे गुण सांग." म्हटलं, आजी, तेच सांगायला आलेय! डिसेंबरपासून सगळा शिवार मटाराने हिरवा, आणि बायांचं रक्त आठ, साडेआठ. दारात पिकतं आणि ताटात मीठभात. मी खोटं सांगितलं नाही — मटाराने आठवड्यात रक्त वाढत नाही, गोळ्या घ्यायच्याच. पण रोज ओंजळभर खाल्ले, वर लिंबू पिळलं, आणि लगेच चहा ढोसला नाही, तर अंगाला लागतात.

आणि सिंहांची बडकी भौजी आली. स्वतः! पितळी लोट्यात तूप घेऊन. "तेलात नको परतूस गं. थंडीचं तूपच हवं. आमच्या म्हशीचं आहे."

चुरा-मटर केला. तुपात जिरं, आलं, हिरवी मिरची, कोवळे मटार, झाकण ठेवून वाफ. मग धुऊन निथळलेला चुरा, म्हणजे पोहे, मिरेपूड, चिमूटभर साखर, लिंबू. द्रोण पुरले नाहीत. भौजीने दोनदा घेतला. सिंहांच्या घरची मोठी सून दखिन टोल्याच्या, आमच्या दलित वस्तीतल्या, पोरीच्या हातचं खाते — हे मी कुणाला सांगू? बाबू, म्हणजे वडील, सुरतेला, फोन लागत नाही. इथेच लिहिते. खाल्लं! सगळ्यांनी खाल्लं!

घरी येऊन अम्माला सांगितलं. तिने विचारलं, "कशात परतलेस?"

"तुपात. भौजीने दिलं."

"हं," म्हणाली आणि शेळीला बघायला गेली.


११ जानेवारी

धुकं. शाळा थंडीमुळे अजून बंद, म्हणून अम्मा घरी. दोघींनी मिळून सहा शेर मटार सोलले. म्हणजे तिने पाच, मी एक. तिचा अंगठा शेंगेच्या टोकाला टेकतो आणि सरळ खाली जातो, दाणे सुपात उड्या मारतात. मी आपली शेंग उलटी धरून शिवण शोधते. "बी.ए.त हे नाही का शिकवलं?" म्हणाली. मी म्हटलं, गृहविज्ञानाच्या पुस्तकात मटार सोललेलेच येतात. खूप हसली. तिला हसताना बघून बरं वाटतं.

सोळा वर्षं ती शाळेत हेच करते. नोंदवहीत लिहिलंय 'रसोइया', म्हणजे स्वयंपाकीण. बसते हातपंपाजवळ, मटार सोलते, बटाटे चिरते, तांदूळ निवडते, मोठी पातेली राखेने घासते. चूल पंडिताइन काकीची. अम्माने तिथल्या चुलीला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

पाच वर्षं त्याच शाळेत जेवले मी. कधी विचारलंसुद्धा नाही की असं का.


१४ जानेवारी, शनिवार

घुघनी. बत्तीस बायका!

भौजीचं तूप याही वेळी. मी म्हटलं, भौजी, रोज रोज कशाला, संस्थेने सरसोचं तेल दिलंय. तर म्हणाली, "राहू दे ते. तू तूप घाल गं, बिटिया." बिटिया म्हणाली! तूप तापवून जिरं, लसूण, ओली मिरची, मग मटार, थोडे कच्चे बटाटे बारीक चिरून, पाण्याचा थेंब नाही, मंद आचेवर परतत राहायचं. मटाराने पोट धरतं ही तक्रार आलीच. म्हणून हिंग आणि आलं आधी टाकायचं आणि चावून खायचं, हे सांगितलं. चमेली म्हणाली, "चावायला वेळ कुठाय? आम्ही तर उभ्याउभ्या गिळतो." हसण्यावारी गेलं, पण खरंच आहे ते. घरात सगळ्यात शेवटी आणि उभ्याने.

शेंगांच्या साली फेकू नका, आतला पातळ पापुद्रा सोलून काढला की भाजी होते, असं म्हटलं. "मग गाय काय खाईल?" एकीने विचारलं. 

संस्थेच्या वहीत आज असं लिहिलं: 'गाव बदललंय.' तसंच ठेवते.


१५ जानेवारी

खिचडीचा सण, म्हणजे संक्रांत. तीळ, गूळ, नवी उडीद डाळ. अम्माने खिचडीत मूठभर मटार जास्त टाकले. "तुझ्या सहा गुणांसाठी," म्हणाली.


१८ जानेवारी, बुधवार

शाळा उघडली. मुलांची वजनं घ्यायला मी अम्माबरोबर गेले. बुधवार म्हणजे तहरी — तांदूळ, बटाटे, मटार, हळद, सगळं एका पातेल्यात.

पंडिताइन काकी चुलीशी, अम्मा हातपंपाशी. दोघींच्या मध्ये दहा पावलं असतील. तोंडं मात्र अखंड चालू.

"दुलारी, आज मटार सोलतेस की मोजतेस?"

"तुझ्या डोळ्याला दिसत नाहीत म्हणून मोजून देतेय, पंडिताइन."

"माझे डोळे काढू नकोस. दाण्यात अळी निघाली तर तुझ्या नावाने ओरडेन."

"अळी असली तर तुला दिसणार आहे होय?"

सोळा वर्षं एकमेकींना अशा बोलतात. अम्मा तळहातावर सुरती तंबाखू मळते, त्यातली चिमूट पंडिताइन काकी उचलते आणि ओठाखाली ठेवते. ते चालतं. तांदूळ अम्माने धुतलेला चालत नाही. तो काकी पुन्हा धुते. हे मी लहानपणापासून बघतेय, पण आज पहिल्यांदा दिसलं.

अम्माला येताना म्हटलं, तुला नाही वाटत चुलीशी बसावं? ती म्हणाली, "धुरात कोण बसेल?" आणि पाय उचलून पुढे चालू लागली.


२१ जानेवारी, शनिवार

आज निमोना होता. मी मुद्दाम निवडला. मटाराचं सगळ्यात साधं, सगळ्यात पोटभरीचं. अर्धे दाणे पाट्यावर भरड वाटले, आलं-लसूण-मिरची घालून तेलात परतले, मग भरपूर पाणी, बटाटे, उडदाच्या वड्या, हळद, मीठ. दुसऱ्या चुलीवर भात. डाळीइतकीच ताकद, आणि डाळ विकत आणावी लागते, मटार शेतात आहेत. हे सगळं मी वाटता वाटता सांगत होते. ऐकत होत्या. एकीने तर विचारलं, वाळवलेल्या मटाराचा होतो का. होतो, आठ तास भिजवून!

भौजी आज लोटा न आणताच आली. "निमोन्यात तूप कशाला," म्हणाली.

वाढायला घेतलं. एकीचा उपास निघाला. शनिवारचा. एकीची दाढ दुखत होती. एकीने घरून खाऊनच आल्याचं सांगितलं, एकीला मटार बाधतात — गेल्या शनिवारी दोन द्रोण घुघनी खाल्ली होती तिने! भौजी म्हणाली, "आमच्याकडे चूल पेटलीय गं, तिकडेच जेवेन." आणि हसून, अगदी प्रेमाने, माझ्या पाठीवर हात ठेवला.

आमच्या टोल्याच्या सहा जणी तेवढ्या खाली मान घालून जेवल्या. बाकी चौघीपाचजणींनी 'घरी नेते' म्हणून डबे भरून घेतले. मला वाटलं, चला, घरी तरी खातील.

परत येताना यादवांच्या गोठ्यावरून आले. म्हशीच्या नादेत, म्हणजे गव्हाणीत, भुशावर हिरवं काहीतरी पसरलेलं होतं. वर उडदाची एक वडी. अख्खी.

घरी येऊन रडले नाही. अम्माच्या समोर बसले फक्त.  ती स्वतःच म्हणाली, "तुपात तळलेलं, परतलेलं कुणाच्याही हातचं चालतं त्यांना. पाण्यात शिजलेलं नाही. भात, डाळ, रोटी, हे आपलं नाही चालत. तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या वसतिगृहात तीन वर्षं सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवले. मला वाटलं, हे गेलं. तक्त्यावर सगळे गुण लिहिले, हा कुठल्याच दाण्यात नव्हता.

"मग त्या दिवशी माझ्या हातचं खाल्लं ते?"

"तूप खाल्लं, बेटी," अम्मा म्हणाली. "त्यांच्याच म्हशीचं."


२२ जानेवारी

काही लिहायचं नाही. 'गाव बदललंय' खोडलं. मग परत वाचता येईल असं हलकं खोडलं.


२५ जानेवारी, बुधवार

शाळेत तहरी जळली. पंडिताइन काकीने मीठही दोनदा घातलं. उर्मिला मॅडमनी काकीला वर्गात बोलावून हाताची बोटं दाखवली, किती आहेत? काकी म्हणाली, "तुम्ही हेडमास्तरीण आहात, तुमची पाचच असणार." पण दिसलं नव्हतंच. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. आठ फेब्रुवारीला बनारसला एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. निदान महिनाभर धुरापाशी जायचं नाही.

मग चूल कुणाची?

मी तशीच मॅडमकडे गेले. म्हटलं, नोंदवहीत सोळा वर्षं माझ्या आईचं नाव रसोइया म्हणून आहे. महिन्यासाठी बाहेरची बाई का शोधता? मॅडम जौनपूरहून स्कूटीने येतात, चार वर्षं झाली. चांगल्या आहेत. टेबलावरची पेन्सिल फिरवत म्हणाल्या, "विमलेश, माझी ना नाही. पण मुलं घरी जाऊन सांगतील, उद्या निम्मा वर्ग रिकामा. मी ऐकलंय, एकदा असं झालंय."

कधी?

"माझ्या आधी. तुझी आई सांगेल."

अम्माला विचारलं. तिने तव्यावरची रोटी उलटली. "झालं होतं एकदा. जेव."

म्हणजे अम्मा एकदा चुलीशी बसली होती! मला कुणी सांगितलंच नाही.


२६ जानेवारी

शाळेत झेंडा, लाडू. लाडू हलवायाचे. सगळ्यांनी खाल्ले.


२८ जानेवारी, शनिवार

सकाळी अम्माशी भांडले. फार बोलले. म्हटलं, तू घाबरतेस म्हणून ते घाबरवतात. म्हटलं, तू सोळा वर्षं हातपंपाशी बसलीस म्हणून मीही बसायचं का? ती शेंगा सोलत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मी घाबरत नाही. मला नको आहे."

नको कसं असेल? कुणाला नको असेल?

दुपारी बाया अकरा आल्या. मटारचा पराठा होता. तूप घेऊन भौजी आली नाही, तिचा निरोप आला, लोट्यासकट. मी लोटा परत पाठवला. तेलावर भाजले. पाच जणींनी खाल्ले, चमेलीने खाल्ला. बाकीच्यांनी लिहून घेतलं. चमेली जाताना म्हणाली, "म्हशीच्या नादेतलं तू पाहिलंस ना? सासूने टाकलं. मी वडी काढून खाल्ली होती एक." हे सांगायला ती का थांबली? तरी बरं वाटलं.


३० जानेवारी

पंडिताइन काकी आमच्या दारात! कडुनिंबाखाली उभी राहिली, आत नाही आली. अम्माने पोतं अंथरलं, त्यावर बसली, तेही झाडाच्या मुळाला टेकून.

"दुलारी, डोळा उघडल्यावर मला माझी चूल काळी दिसायला नको. तू संभाळ."

"दुसरी कुणी बघ."

"दुसरी कोण? ती पांडेंची सून? तिला तांदूळ आणि राळ्यात फरक कळत नाही. सत्तर पोरांची तहरी ती करणार? गोंद होईल."

"आणि मी केली तर कोण खाईल?"

 काकीने अम्माच्या तळहातावरची सुरती उचलली. "मी असते तर नसती खाल्ली," म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण मी बनारसला असेन."

अम्मा एकदम हसायला लागली. काकीपण. मला यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. जाता जाता काकी चार सूचना देऊन गेली — पातेल्याच्या डाव्या कडेला करपतं, मटार शेवटी टाक नाहीतर काळे पडतात, वाफ आल्यावर लाकडं ओढ, आणि मीठ माझ्यासारखं दोनदा घालू नकोस.

अम्मा 'हो' म्हणाली नाही. पण संध्याकाळी मला विचारलं, "सत्तर पोरांना मटार किती लागतील गं, तुझ्या पुस्तकाप्रमाणे?"


१ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनी ठरवलं. पुढच्या बुधवारी तहरी दुलारी करेल. कागदावर सही केली. मला त्या कागदाची झेरॉक्स हवी होती, मागितली नाही.

बाबूंचा फोन लागला. सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या अम्माला विचारलंस का?" मी म्हटलं, तयार आहे. "तिला विचारलंस का," पुन्हा म्हणाले.


४ फेब्रुवारी, शनिवार

नऊ बायका. आज स्वयंपाक नाही केला. तक्ता गुंडाळून ठेवला आणि बोलले. बुधवारी माझी आई मुलांसाठी तहरी करणार आहे. तेच तांदूळ, तेच मटार, तुमच्याच शेतातले. मुलांची वजनं मी घेतलीत, एकवीस मुलं हलकी आहेत. कितीतरी मुलांचं दिवसातलं पहिलं गरम अन्न तेच असतं. एका बुधवारी न जेवणारं मूल बुधवारभर उपाशी असतं.

 मग भौजी म्हणाली — आज आली होती — "बिटिया, तुझ्या अम्माबद्दल आमच्या मनात काही नाही. चांगली बाई आहे. पण पोरांच्या तोंडाला आम्ही कुलूप लावणार का? पोरं बघून बघून खातात."

ती रागाने नाही बोलली. 


७ फेब्रुवारी

अम्माने धुतलेली साडी काढून ठेवलीय. अंगठा मटाराने हिरवा, तो घासून घासून लाल केला. मी म्हटलं, उद्या परत हिरवा होणार आहे ना. तिने ऐकलं नाही.


८ फेब्रुवारी, बुधवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

अम्मा साडेसातला शाळेत. चूल सारवली. पातेलं पुन्हा घासलं, जे तिनेच काल घासलं होतं. सरसोचं तेल धूर येईपर्यंत तापवलं, तमालपत्र, जिरं, कांदा, आलं. बटाटे, फुलकोबी. हळदीचा वास अंगणभर. तांदूळ तिने एकदाच धुतला. मी बघत होते.  इतकी वर्षं दहा पावलांवरून तिने सगळं बघून ठेवलं होतं! डावीकडची लाकडं आधीच मागे ओढली. मटार शेवटी. झाकण काढलं तेव्हा दाणा न् दाणा हिरवा, भात मोकळा. मॅडमसुद्धा 'वा' म्हणाल्या.

अडुसष्ट मुलं होती. फाटकाबाहेर सात-आठ आया उभ्या.  चमेलीही होती, पदर दातात धरून.

मॅडम पंगतीत जमिनीवर बसल्या, स्वतःची थाळी घेतली, पहिला घास खाल्ला. मोठ्याने म्हणाल्या, "दुलारी, लिंबू आहे का?" मी लिंबू कापून धावले. मुलं हसली. वाटलं, झालं!

पण हात कुणी हलवेना. सगळी एकमेकांच्या थाळीकडे बघत होती. चौथी-पाचवीची काही उठली, हातपंपावर हात धुतले, न जेवताच, आणि फाटकाकडे गेली. मग चमेलीचा पोरगा खायला लागला. बाहेर त्याच्या आईने पदर सोडला आणि तिथेच उभी राहिली, कुणाकडे न बघता. मग आणखी काही. मग भराभर.

आणि दुसरीच्या रांगेत रिमझिम. सुक्खूची पोरगी, आमच्याच टोल्याची, आमच्या घरापासून चौथं घर! तिच्या एका बाजूला सिंहांची नात, दुसऱ्या बाजूला पांडेंची. त्या दोघी बोटं मागे धरून बसलेल्या. रिमझिमने घास उचलला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, परत ठेवला. आणि थाळी हळूच पुढे सरकवली. दोन बोटांनी.

ती सरकली तशी तिच्या पुढच्या चार थाळ्या सरकल्या. 'त्यांची पोरगी पण नाही खात' — कुणीतरी म्हणालंसुद्धा.

एकोणचाळीस जेवली. एकोणतीस नाही.

मला त्या पोरीला धरून हलवावंसं वाटलं. परक्यांचं समजू शकते. पण आपली? आपल्याच माणसाने खाली बघायला लावायचं?

अम्मा पातेल्याचा तळ खरवडत होती. "एकोणचाळीस!" म्हणाली. डोळे धुराने लाल, चेहरा असा की मी कधी पाहिला नव्हता. "करपली नाही बघ. डावीकडेसुद्धा नाही."


९ फेब्रुवारी

आज बेचाळीस. डाळ-रोटी होती, तीही पाण्यात शिजलेली!

संध्याकाळी सुक्खूकाकांकडे जायला निघाले. रिमझिमला समजावून सांगायचं होतं, आणि तिच्या आईलाही. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. चपला घालत होते तर अम्मा दारात आडवी.

"नाही जायचं."

"का? तिच्यामुळे चार पोरं—"

"नाही जायचं म्हटलं ना. सात वर्षांची आहे ती."

अम्मा माझ्याशी अशी कधी बोलली नाही. मी चपला काढल्या. म्हटलं, तू मागे एकदा चुलीशी बसलीस तेव्हाही असंच झालं असेल ना? कुणी सुरू केलं होतं तेव्हा? मला नाव सांग. आज मोठा झाला असेल तो, मी जाऊन त्याला विचारेन.

अम्मा म्हणाली, "शेंगा आण इकडे. उद्याचे सोलायचेत."


११ फेब्रुवारी, शनिवार

चौदा बायका. निमोना परत केला, मुद्दाम. सिंहांची बडकी भौजी आली नाही. चमेली तिथेच बसून जेवली, भात आणि निमोना, बोटं चाटून. "पुढच्या वेळी वडी मोठी घाल," म्हणाली.


१२ फेब्रुवारी, रविवार

पंडिताइन काकी बनारसहून आली. काळा चष्मा. कडुनिंबाखाली बसून पोरांचा आकडा विचारला, रिमझिमचं ऐकलं, आणि म्हणाली, "तू तरी त्या पोरीला नावं ठेवू नकोस. तुझी अम्मा सोळा वर्षांपूर्वी एक दिवस चुलीशी बसली होती, तेव्हा सगळी पोरं तुझ्याच थाळीकडे बघत होती. दुलारीचीच पोर खाईना, तर बाकीची कशी खातील?"

अम्मा आतून ओरडली, "पंडिताइन, गप बस!"

मी दुसरीत होते. शेजारी कोण बसलं होतं, अम्माने काय शिजवलं होतं — आठवत नाही. मला काहीच आठवत नाही.